लहान मातीचे धरण आणि त्याची सुरक्षितता-प्रतवारी

नवी मुंबईच्या नळांना येणारे पाणी मुख्यतः खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे आहे. धावरी नदीवरील हा मोठा बांध महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने उभारला व २००२ मध्ये तो नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचा झाला. सुमारे १९० दशलक्ष घनमीटर साठ्याच्या या धरणावर अभियंत्यांची नजर असते, त्याची पातळी वर्तमानपत्रे छापतात आणि ८८ मीटरांची खूण गाठली गेली की शहराला हायसे वाटते. त्याच्या सुरक्षिततेची चिंता करणारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तो नव्हे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, कर्जत-पनवेलपासून खाली चिपळूण-राजापूरपर्यंत, ओढ्याओढ्यांवर जे शेकडो लहान मातीचे बांध उभे आहेत, ज्यांची नावे त्या त्या गावाबाहेर कोणास ठाऊक नसतात, त्यांना 'सुरक्षित' अथवा 'असुरक्षित' कोणत्या आधारे म्हणावयाचे, हा प्रश्न येथे घेतला आहे. हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे, आणि त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, हे कोकणाने २०१९ साली पाहिले आहे.

प्रथम 'लहान' या शब्दाचाच विचार केला पाहिजे, कारण हा शब्द निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. संसदेने संमत केलेला व ३० डिसेंबर २०२१ पासून अंमलात आलेला धरण सुरक्षितता अधिनियम ज्या धरणांना लागू होतो, ती पंधरा मीटरांहून अधिक उंचीची धरणे होत. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणेही त्यात येतात, परंतु एका अटीवर : माथ्याची लांबी निदान ५०० मीटर, किंवा साठा निदान दहा लक्ष घनमीटर, किंवा महत्तम पूरविसर्ग दर सेकंदास निदान २,००० घनमीटर, किंवा पाया विशेष अडचणीचा, किंवा रचना असाधारण, यांपैकी काहीतरी असले पाहिजे. दहा मीटरांखालचा बांध या अधिनियमाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. सांडव्याची क्षमता ठरविण्यासाठी भारतीय मानक संस्थेने १९८५ मध्ये जे मार्गदर्शक मानक काढले, त्यात वेगळी विभागणी आहे. अर्धा ते दहा दशलक्ष घनमीटर साठा, अथवा साडेसात ते बारा मीटर पाण्याची उंची, असे धरण तेथे 'लहान' ठरते. त्याने शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर निर्धोकपणे पार केला म्हणजे पुरे, असे ते मानक सांगते. मध्यम धरणास 'प्रमाण प्रकल्प पूर' व मोठ्या धरणास 'संभाव्य महत्तम पूर' लागतो.

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दप्रयोगाने सामान्य वाचकाचीच नव्हे तर पुष्कळदा पदवीधराचीही दिशाभूल होते. त्याचा अर्थ इतकाच की, कोणत्याही एका वर्षी तो पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते. पन्नास वर्षे आयुष्य असलेल्या बांधाच्या बाबतीत तो एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे ०.६०५ इतकी येते. उरलेले ३९.५ टक्के हे त्याच्या आयुष्यात तो पूर किंवा त्याहून मोठा पूर येण्याचे प्रमाण होय. पाचांत दोन इतक्या शक्यतेने ओलांडला जाणारा निकष ज्या बांधाखाली केवळ भातखाचरे आहेत त्याला ठीक आहे. ज्याखाली वाडी आहे त्याला तो ठीक आहे काय? मानक तयार करणाऱ्यांना ही अडचण दिसत होती. म्हणूनच, फुटीमुळे होणारी हानी विशेष मोठी वा विशेष लहान असेल तर त्याप्रमाणे अधिक वा उणा पूर धरावा, अशी मुभा त्यांनी ठेवली. ही मुभा प्रत्यक्ष आराखड्यांत किती वेळा वापरली जाते, हा आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घेण्याजोगा विषय आहे.

येथून आपण प्रतवारीच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. धरणाच्या सुरक्षिततेची 'प्रत' म्हणून जे काही सांगितले जाते, त्यात वस्तुतः दोन वेगवेगळी मापे असतात. पहिले माप परिणामाचे : हे धरण फुटले तर खाली काय होईल? दुसरे अवस्थेचे : हे धरण आज कसे आहे? पहिल्याचा बांधाच्या प्रकृतीशी काहीही संबंध नाही. उत्तम बांधलेले, काटेकोर राखलेले धरणही त्याखाली गाव असेल तर वरच्या धोकावर्गातच राहते. दुसऱ्याचा खालच्या वस्तीशी संबंध नाही. अमेरिकेत ही दोन मापे स्पष्टपणे वेगळी ठेवलेली आढळतात. परिणामाच्या मापात अल्प, लक्षणीय व उच्च असे तीन वर्ग असतात आणि एका जीवाचीही हानी संभाव्य असेल तर धरण उच्च वर्गात जाते. अवस्थेच्या मापात समाधानकारक, साधारण, निकृष्ट व असमाधानकारक अशा चार पायऱ्या असतात. आपल्याकडे अवस्थेच्या पाहणीनंतर धरणांचे तीन गट पाडण्याची रीत आहे. ज्या दोषांमुळे धरण फुटू शकेल अशा दोषांचा पहिला गट, तातडीने दुरुस्ती मागणाऱ्या मोठ्या दोषांचा दुसरा, आणि वर्षभरात निस्तरता येतील अशा किरकोळ दोषांचा तिसरा. परिणामाच्या मापासाठी केंद्रीय जल आयोगाने २०२० साली स्वतंत्र मार्गदर्शिका काढून चार वर्ग सुचविले. अर्थात् दोन्ही मापे आता आपल्याजवळ आहेत. परंतु व्यवहारात 'धरण तिसऱ्या गटात आहे' एवढे ऐकले की 'म्हणजे भीती नाही' असा निष्कर्ष काढला जातो, आणि येथेच घोटाळा होतो. भीती आहे की नाही हे दोन्ही मापे शेजारी ठेवल्याखेरीज सांगता येत नाही.

आता लहान धरणाच्या परिणामाचे माप कसे काढावे ते पाहू. साठा लहान म्हणून लोंढा लहान, असा सर्वसाधारण समज आहे, आणि अधिनियमातील दहा लक्ष घनमीटरांची रेषा याच समजावर उभी आहे. फुटलेल्या धरणांच्या नोंदींवरून डेव्हिड फ्रेलिक या अमेरिकन अभियंत्याने १९९५ मध्ये एक अनुभवसिद्ध सूत्र मांडले. त्यानुसार भगदाडातून बाहेर पडणारा महत्तम विसर्ग हा पाण्याच्या आकारमानाचा ०.२९५ वा घात व पाण्याच्या खोलीचा १.२४ वा घात यांच्या गुणाकारास ०.६०७ ने गुणून मिळतो. आकारमान घनमीटरांत, खोली मीटरांत आणि विसर्ग दर सेकंदास घनमीटरांत घ्यावयाचा. दहा लक्ष घनमीटर पाणी व बारा मीटर खोली घेतली तर उत्तर सुमारे ७८० येते. परंतु उत्तरापेक्षा घातांकच अधिक बोलके आहेत. साठा दुप्पट केला तर महत्तम विसर्ग केवळ तेवीस टक्क्यांनी वाढतो. खोली दुप्पट केली तर तो २.३६ पट होतो. म्हणजेच लोंढ्याचा कळस ठरविण्यात साठ्याचा वाटा गौण व उंचीचा वाटा प्रमुख आहे. साठा लहान असल्याने लोंढा लवकर ओसरेल, दहा-पंधरा किलोमीटरांवर तो नदीच्या नेहमीच्या पुरात मिसळून जाईल, हे खरे. पण पहिल्या एक-दोन किलोमीटरांत राहणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. ७८० घनमीटर या वेगाने दहा लक्ष घनमीटर पाणी वीस-बावीस मिनिटांत संपते. प्रत्यक्षात विसर्ग चढतो व उतरतो, म्हणून पाऊण तास धरावा. पाऊण तासात सर्व काही होऊन जाते.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स येथे केली बार्न्स नावाचा एक जुना मातीचा बांध होता. उंची जेमतेम अकरा-बारा मीटर, साठा आठ लक्ष घनमीटरांहूनही थोडा कमी. आपल्याकडील अधिनियमाच्या भाषेत साठ्याच्या कसोटीवर तो गणनेतही आला नसता. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे, मुसळधार पावसानंतर, तो फुटला आणि खालच्या महाविद्यालयाच्या आवारातील ३९ माणसे मृत्युमुखी पडली. विसर्गाचा कळस सुमारे ६८० घनमीटर होता, असे मागाहून मोजमाप करून ठरविण्यात आले. वरील सूत्राने ६७० च्या आसपास उत्तर येते. (ते सूत्र ज्या धरणांच्या नोंदींवर बेतले आहे त्यांत हेही एक आहे, त्यामुळे हा मेळ पाहून फार हर्षित होण्याचे कारण नाही.) फुटण्याचे एकच एक कारण चौकशी मंडळाला ठामपणे सांगता आले नाही. या घटनेनंतर अमेरिकेत खाजगी व स्थानिक मालकीच्या धोकादायक धरणांच्या पाहणीची मोहीम निघाली. १९८१ पर्यंत जवळजवळ नऊ हजार धरणे तपासली गेली व त्यांतील सुमारे एकतृतीयांश असुरक्षित आढळली.

आपले टोकोआ म्हणजे तिवरे. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले व पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली. वीसाच्या आसपास माणसे गेली. ते धरण पंधरा मीटरांहून उंच असल्याने नोंदवहीच्या व्याख्येने 'मोठे' होते, साठा मात्र दोन-अडीच दशलक्ष घनमीटरांचा, म्हणजे मोरब्याच्या सुमारे ऐंशीव्या हिश्शाचा. वय अवघे दोन दशकांचे. गळतीविषयी गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. फुटीनंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी बांध पोखरल्याचे विधान केले आणि पुढे कित्येक दिवस तो थट्टेचा विषय झाला. त्या थट्टेत एक तांत्रिक प्रश्न हरवला. तो उचलून घेण्यासाठी मातीचे धरण उभे कसे राहते, हे थोडक्यात आठवावे लागेल.

मातीचे धरण पाणी पूर्णतः अडवीत नाही. ते पाणी पाझरू देते, पण आपल्या अटींवर. मधला चिकण मातीचा गाभा पाझर मंद करतो. दोन्ही बाजूंचे मुरुमाचे आवरण गाभ्याला आधार देते. गाभ्यामागची वाळूची गाळणी पाझरलेले पाणी अडवून, मातीचा कण न जाऊ देता, पायथ्याच्या चरात सोडते. धरणाच्या पोटातील ओल्या व कोरड्या भागांमधील सीमारेषा, म्हणजे संपृक्तिरेषा, बाहेरील उतारावर कोठेही उघडी पडू नये, ही या सर्व व्यवस्थेची मुख्य कसोटी आहे. अशा धरणाला दोन गोष्टी सोसत नाहीत : डोक्यावरून वाहणारे पाणी आणि पोटातून मातीसकट जाणारे पाणी. जगभरच्या फुटींच्या नोंदी पाहिल्या तर स्थूलमानाने निम्म्या पहिल्या कारणाने व जवळजवळ निम्म्या दुसऱ्या कारणाने झालेल्या आढळतात. उतार घसरून झालेल्या फुटी त्यामानाने अगदी थोड्या.

माथ्यावरून पाणी जाण्याचे गणित कोकणात विशेष कडक आहे. समजा, पाच चौरस किलोमीटर पाणलोटाच्या ओढ्यावर दहा लक्ष घनमीटरांचे धरण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढा पाऊस या पाणलोटात पडला तर ४७ लक्ष घनमीटर पाणी येते, म्हणजे धरण एका दिवसात पावणेपाच वेळा भरेल. मोठ्या जलाशयात पुराचा काही भाग साठ्याच्या पोटात मावतो. लहान जलाशयाला ती सवलत नाही, तेथे आलेला पूर जवळजवळ तसाच सांडव्यावर येतो. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत असता व भूमी आधीच भिजलेली असता या पाणलोटातून सेकंदास सुमारे १४० घनमीटर पाणी उतरते. वीस मीटर रुंदीच्या, सपाट माथ्याच्या सांडव्यावरून एवढे पाणी जाण्यास त्यावर सुमारे अडीच मीटर खोलीचा प्रवाह हवा. सांडव्याचा माथा व बांधाचा माथा यांत जर अडीच मीटरांचेच अंतर ठेवले असेल तर लाटेलासुद्धा जागा उरत नाही. त्यात सांडव्याच्या तोंडाशी दरड कोसळलेली असेल, झाडोरा माजला असेल, किंवा जास्त पाणी साठावे म्हणून कोणी वाळूची पोती रचून ठेवली असतील, तर आराखड्यातील आकडा व्यर्थ होतो. सांडवा मोकळा आहे की नाही, ही बाब पाहणीच्या तक्त्यात इतर चाळीस रकान्यांच्या बरोबरीने एका ओळीत यावी, हे प्रस्तुत लेखकास पटत नाही. कोकणातील लहान धरणाच्या बाबतीत ती पहिली व सर्वांत मोठ्या अक्षरांतील ओळ असली पाहिजे.

आता खेकड्यांकडे वळू. मातीच्या कणाला पाणी उचलून नेऊ लागते तो क्षण जलीय उताराच्या एका मर्यादेने ठरतो. सामान्य मातीची विशिष्ट घनता २.७ व पोकळीचे गुणोत्तर ०.७ धरले तर ही मर्यादा बरोबर १ येते, म्हणजे एक मीटर वाटेत एक मीटर दाबाची घट. पंधरा मीटर उंचीच्या, चार मीटर रुंद माथ्याच्या व आतून अडीचास एक, बाहेरून दोनास एक उतार असलेल्या बांधाची तळाशी रुंदी ७१.५ मीटर असते. अशा तळाशी मीटर-दीड मीटर खोल बिळाने पाण्याची वाट फारशी आखूड होत नाही. पण माथ्यापासून दोन मीटर खाली त्याच बांधाची रुंदी केवळ तेरा मीटर आहे. जलाशय काठोकाठ भरलेला असता तेथे दोन्ही बाजूंनी बिळे असतील, आणि मधला गाभा उन्हाळ्यात तडकलेला असेल, तर गोष्ट वेगळी होते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. खेकडा, घूस वा साळिंदर हे बांधाचे खरेखुरे शत्रू आहेत, त्यांना हसण्याचे कारण नाही. मात्र नीट गाळणी असलेला बांध केवळ बिळांनी फुटत नाही, आणि फुटलाच तर बिळे बुजविली का गेली नाहीत, गाळणी का चालली नाही, हे प्रश्न उभे राहतातच. प्राणी हे कारणाचे एक टोक असू शकते, उत्तर नव्हे. तिवऱ्यास नेमके काय झाले याचा निवाडा येथे करावयाचा नाही.

पाझर दिसला की गावकरी घाबरतात आणि अभियंता 'थोडा पाझर असतोच' म्हणून धीर देतो. दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. पाझर किती आहे यापेक्षा तो बदलतो आहे का, आणि पाणी नितळ आहे की गढूळ, हे महत्त्वाचे. जलाशयाची पातळी तीच असताना पाझर वाढू लागला अथवा त्यात मातीचा रंग दिसू लागला, तर पोटात वाट तयार होत आहे असे समजावे. हे मोजण्याचे साधन अत्यंत स्वस्त आहे : पायथ्याच्या चरात बसविलेला, काटकोनी खाच कापलेला एक पत्रा. खाचेवर पाणी पाच सेंटिमीटर चढले तर प्रवाह सेकंदास पाऊण लिटर असतो. दहा सेंटिमीटर चढले तर सुमारे ४.४ लिटर, म्हणजे साडेपाच पटींहून अधिक. शाळेतील मुलालाही पट्टी धरून ही नोंद ठेवता येईल. असा पत्रा बसविलेला व त्याची वही राखलेली लहान धरणे आपल्याकडे विरळाच दिसतात. त्याउलट, पाझराचे वर्णन अहवालांत 'अल्प', 'मध्यम' अशा विशेषणांनी केलेले असते. विशेषणांची तुलना गतवर्षीच्या विशेषणांशी करता येत नाही.

बांधातून जाणारा नळ, म्हणजे विमोचक, हा तिसरा दुबळा भाग. नळाच्या बाहेरील पृष्ठभागाला माती नीट ठोकून बसविणे कठीण असते. त्यामुळे पाणी नळातून जाण्याऐवजी नळालगत वाट काढते. पानशेतचे उदाहरण याहून वेगळ्या जातीचे, पण याच भागाचे आहे. १९६१ च्या जुलैत ते धरण बांधून पुरे होण्याआधीच पाण्याने भरले. विमोचकाची व्यवस्था अपुरी असताना त्यातून वाहणाऱ्या उसळत्या प्रवाहाने वरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही १२ जुलैच्या सकाळी माथ्यावरून पाणी गेले व बांध फुटला. दुपारी खडकवासल्याचे दगडी धरणही त्या लोंढ्याने गेले व पुणे बुडाले. पानशेत लहान नव्हते. परंतु नळ व माती यांच्या सांध्याचा जो धडा तेथे मिळाला, तो लहान बांधाला अधिकच लागू आहे, कारण लहान बांधाच्या नळाकडे कोणी फिरकत नाही.

अवस्थेची प्रत ज्या पाहणीवरून ठरते तिच्या वेळेविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. अधिनियमाने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशा दोन पाहण्या सांगितल्या आहेत, शिवाय पूर व भूकंप यांच्या वेळी व नंतर. कोकणातील लहान धरण मेअखेर जवळजवळ कोरडे असते. त्या वेळी सांडवा, पिचिंग, बिळे, भेगा हे सारे उत्तम दिसते, पण पाझर दिसणे अशक्य, कारण पाझरायला पाणीच नाही. पावसाळ्यानंतरच्या पाहणीत पाणी असते, परंतु बाहेरील उतार पुरुषभर गवताने झाकलेला असतो, आणि त्या ओल्या गवतात पाझराचे ठिकाण शोधणे हे नजरेपेक्षा नशिबाचे काम होते. या दोन पाहण्यांमध्ये जो काळ जातो, जून-जुलैतील पहिल्या जोरदार भरतीचा, तोच सर्वांत नाजूक. उन्हाळ्यात सुकून भेगाळलेली माती अजून फुगलेली नसते आणि जलाशय मात्र आठवड्याभरात, कधी दोन-तीन दिवसांत, तळापासून सांडव्यापर्यंत चढतो. दख्खनच्या पठारावर हीच भरती दोन महिने घेते. तिवरे जुलैच्या दुसऱ्या दिवशी फुटले, हे या संदर्भात विसरता येत नाही. तात्पर्य, मे महिन्यात दिलेली 'तिसरा गट' ही प्रत जुलैच्या पहिल्या आठवड्याविषयी फार थोडे सांगते. लहान कोकणी धरणासाठी पहिल्या भरतीच्या काळातील रोजची फेरी हीच खरी पाहणी, व तीवरून प्रत बदलण्याचा अधिकार जागेवरील माणसाला असणे योग्य ठरेल.

परिणामाचे माप तरी स्थिर असते का? तेही नाही. धरण जागेवर राहते, वस्ती खाली सरकत येते. पनवेलजवळील गाढी नदीचे खोरे पाहावे. तिच्या वरच्या अंगास देहरंगचे, म्हणजे गाढेश्वरचे, धरण आहे आणि खाली पनवेल शहर. नव्वदच्या दशकापर्यंत मधल्या पट्ट्यात शेते, वीटभट्ट्या व विखुरलेल्या वाड्या होत्या. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली, द्रुतगती मार्ग, लोहमार्ग व विमानतळ यांच्या भोवती इमारती उठल्या, आणि नदीकाठच्या शेतघरांची संख्या कोणी मोजली नाही. (देहरंगच्या बांधाच्या अवस्थेविषयी हे विधान नाही. केवळ खोऱ्याविषयी आहे.) ज्या धरणाखाली बांधकामाच्या वेळी एकही घर नव्हते ते वीस वर्षांत, एक ढेकूळही न हलता, अल्प वर्गातून उच्च वर्गात जाऊ शकते. अशा वेळी शंभर वर्षांच्या पुराचा सांडवा अचानक अपुरा ठरतो. तो बांधणाऱ्याने काही चूक केलेली नसते. नवी मुंबई परिसरातील नगररचनेच्या नकाशांवर भरतीरेषा व पूररेषा असतात. वरच्या धरणाची फूट-रेषा त्यांवर आखली जात नाही तोवर ही सरकती बाब कोणाच्याच लक्षात येणार नाही.

लहान धरणांचे मालकही अनेक आहेत. काही जलसंपदा विभागाची, काही मृद व जलसंधारण विभागाची, काही जिल्हा परिषदांची, काही नगरपालिकांची. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून निघालेल्या पाझर तलावांपैकी काहींचे मूळ आराखडेही हाती लागत नाहीत. देशातील मोठ्या धरणांच्या नोंदवहीत महाराष्ट्राची दोन हजारांहून अधिक धरणे आहेत, व या बाबतीत राज्याचा क्रमांक पहिला आहे. त्या नोंदवहीबाहेरच्या बांधांसाठी मात्र अशी एकत्र वही नाही. अधिनियमाने अंमलापासून पाच वर्षांच्या आत स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वांगीण परीक्षण व आणीबाणीची कृतियोजना करावी असे सांगितले आहे, तेही केवळ निर्दिष्ट धरणांना.

परीक्षणाला वेळ व पैसा लागेल. इशाऱ्याला तितका लागत नाही. अमेरिकेच्या भूसुधार खात्यातील वेन ग्रॅहम यांनी १९९९ मध्ये जुन्या फुटींवरून जीवितहानीची प्रमाणे काढली. घरे मोडतील पण सर्वनाश होणार नाही अशा मध्यम तीव्रतेच्या लोंढ्यात, काहीच इशारा नसेल तर लोंढ्याच्या वाटेतील लोकांपैकी साधारण पंधरा टक्के दगावतात. तासाभराहून अधिक आधी इशारा मिळाला आणि लोकांना धोक्याचे स्वरूप नीट समजलेले असेल, तर हे प्रमाण एक टक्क्यावर येते. लोंढा सेकंदास तीन-चार मीटर धावला तर एक किलोमीटरवरील वाडीला तो चार-पाच मिनिटांत गाठतो. म्हणजे फुटल्यानंतर दिलेला इशारा तेथे इशारा नव्हेच. तो फुटण्यापूर्वी, पाझराचे पाणी गढूळ झाले तेव्हा, अथवा सांडव्यावरील प्रवाह ठरावीक खुणेच्या वर गेला तेव्हा दिला गेला पाहिजे. त्यासाठी सांडव्याच्या भिंतीवर एक लाल रेघ, पायथ्याला एक खाचेचा पत्रा, जुलैच्या रात्री कंदील वा विजेरी घेऊन ती दोन्ही पाहून येणारा एक पगारी माणूस, आणि त्याच्या शब्दावर, कोणत्याही कार्यालयाच्या लेखी आदेशाची वाट न पाहता, वाडी रिकामी करण्याची मुभा सरपंचास किंवा पोलीसपाटलास असणे, इतकी सामग्री पुरते.